बरोबरीच्या दोन्ही बाजू

एका माणसाकडे रोख तीनशे आणि सहा घोडे आहेत. दुसऱ्याकडे दहा घोडे आहेत, पण त्याच्या डोक्यावर शंभराचं कर्ज आहे. सगळे घोडे एकाच किमतीचे आणि दोघांची मालमत्ता अगदी सारखी. तर एका घोड्याची किंमत किती? भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ या बाराव्या शतकातल्या ग्रंथातलं हे उदाहरण. त्याची मांडणी मुद्दाम पाहावी अशी आहे. घोड्याची ठाऊक नसलेली किंमत म्हणजे ‘यावत्तावत्’, तिच्यासाठी ‘या’ हे अक्षर. रोख रक्कम म्हणजे ‘रूप’, तिच्यासाठी ‘रू’. वरच्या ओळीत ‘या ६ रू ३००’. खालच्या ओळीत ‘या १० रू १००’, आणि या शंभराच्या डोक्यावर ते कर्ज असल्याचं सांगणारं टिंब. दोन ओळी एकाखाली एक, मधे कुठलंही चिन्ह नाही. दोन्ही ओळी समान आहेत हे मांडणीवरूनच समजून घ्यायचं. मग दोघांकडचेही सहा-सहा घोडे बाजूला काढले, की पहिल्याकडे रोख तीनशे उरतात आणि दुसऱ्याकडे चार घोडे व कर्ज. दोघांनाही शंभर-शंभर दिले, की दुसऱ्याचं कर्ज फिटतं आणि चारशे रोख व चार घोडे समोरासमोर येतात. घोडा शंभराला पडला.

या दोन ओळींत उत्तराची ओळ कोणती, असा प्रश्न विचारला तर भास्कराचार्यांना तो कळलाच नसता. दोन्ही ओळी म्हणजे दोन माणसांची मालमत्ता. एक दुसरीचं उत्तर नव्हे.

आजच्या मुलाच्या हाती मात्र ‘=’ हे चिन्ह पहिलीतच पडतं, आणि पडतं ते नेमकं उत्तराची जागा दाखवायला. ३ + २ = , ५ + ४ = , ९ − ६ = . पानामागून पान, वहीमागून वही. डावीकडे काम, उजवीकडे फळ. चार-पाच वर्षं हेच चाललेलं असतं, आणि मग सहावी-सातवीत शिक्षक फळ्यावर ३क्ष + ५ = क्ष + ११ असं लिहितात. वर्गातली बरीच मुलं तिथे अडकतात. शिक्षकांना वाटतं, ‘क्ष’ अवघड जातोय. अनेकदा तसं नसतं. अडचण क्ष आणि ११ यांच्याही आधी, त्या दोन आडव्या रेघांपाशी सुरू झालेली असते.

ती कशी दिसते हे एका साध्या उदाहरणाने जगभरच्या गणितशिक्षकांना दाखवून दिलं आहे: ८ + ४ = □ + ५. चौकटीत काय? केरन फॉकनर, लिंडा लेव्ही आणि थॉमस कार्पेंटर यांनी १९९९ मध्ये अमेरिकेतल्या प्राथमिक शिक्षकांसाठी लिहिलेल्या एका लेखाने हे उदाहरण प्रसिद्ध केलं. ते सहावीच्या मुलांना द्यायचं म्हटल्यावर इतक्या सोप्या प्रश्नातून काय कळणार, असंच शिक्षकांना वाटलं होतं. प्रत्यक्षात सहावीच्या १४५ मुलांपैकी एकानेही ७ लिहिलं नाही. सगळ्यांची उत्तरं १२ किंवा १७ या दोन आकड्यांभोवतीच फिरली.

ही उत्तरं कुठून आली ते नीट पाहायला हवं, कारण ती ठोकून दिलेली नाहीत. ज्याने १२ लिहिलं, त्याच्या लेखी बरोबरच्या चिन्हानंतर लगेच उत्तर यायचं असतं; आठ आणि चार बारा, झालं. पुढचं ‘+ ५’ हे त्याला कुणीतरी चुकून टाकलेलं शेपूट वाटतं. काही मुलं त्या पाचाचाही मान राखतात आणि पुढे आणखी एक बरोबर काढून १७ लिहितात: ८ + ४ = १२ + ५ = १७. ज्याने चौकटीतच १७ लिहिलं, त्याने दिसतील तेवढ्या संख्यांची बेरीज केली. तिन्ही मुलांची बेरीज पक्की आहे. त्यांना चिन्ह एक हुकूम वाटतो: आता कर.

आणि हा समज वयाबरोबर आपोआप जाईल म्हणावं, तर तसंही नाही. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ निकोल मॅकनील यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशी उदाहरणं सोडवताना सात वर्षांची मुलं नऊ वर्षांच्या मुलांपेक्षा सरस ठरली. मधल्या दोन वर्षांत मुलं मठ्ठ झाली नव्हती. त्यांनी शेकडो गणितं एकाच साच्यात सोडवली होती, आणि तो साचा पक्का बसला होता. मेहनती मूल इथे जास्त अडकू शकतं, ही यातली बोचरी गोष्ट.

याचं मराठी रूप पाहायला फार लांब जावं लागत नाही. तिसरी-चौथीच्या कुठल्याही वर्गातल्या वह्या उघडाव्यात. शाब्दिक उदाहरण असं: पंचवीस रुपयांची एक, अशा तीन वह्या आणि दहा रुपयांचं एक पेन घेतलं, शंभराची नोट दिली, परत किती मिळाले? मूल लिहितं: २५ × ३ = ७५ + १० = ८५ − १०० = १५. खाली दोन रेघा, उत्तर पंधरा रुपये. शिक्षक तपासतात, पंधरा दिसतात, बरोबरची खूण होते आणि वही पुढे सरकते. आता ही ओळ जशी लिहिली आहे तशी वाचली, तर पंचवीस त्रिक पंचाहत्तर हे पंच्याऐंशीएवढे आहेत आणि पंच्याऐंशीतून शंभर गेले की पंधरा उरतात, असं ती म्हणते. मुलाच्या डोक्यातला हिशेब मात्र चोख आहे. दुकानात उभं केलं तर तो एका पैशाने चुकणार नाही. त्याने चिन्हाचा उपयोग ‘आणि मग’ या अर्थाने केला आहे, गोष्ट सांगताना करतात तसा. खिशातल्या कॅल्क्युलेटरनेही त्याला तेच शिकवलं आहे; तिथे ‘=’ ही कळ दाबायची असते आणि दाबली की आकडा उगवतो.

मुलांना समानता कळतच नाही, असा निष्कर्ष मात्र घाईचा होईल. फॉकनर बालवर्गात शिकवत असताना त्यांनी ४ + ५ = □ + ६ हे विचारलं, तेव्हा मुलांनी ठोकळे मांडून दोन्हीकडे सारखेच ठोकळे आहेत हे ओळखलं; लिहिलेल्या ओळीत मात्र ९ हाच आकडा हवा असं त्यांना वाटत राहिलं. चॉकलेटं वाटताना कुणाला एक जास्त गेलं तर पाच वर्षांचं मूल घर डोक्यावर घेतं, ते समानतेच्या जाणिवेपोटीच. ही जाणीव आणि कागदावरच्या त्या दोन रेघा यांची गाठ शाळेने घालून द्यायची असते.

त्या रेघांचा जनक रॉबर्ट रेकॉर्ड. वेल्समधल्या टेंबी गावचा, व्यवसायाने वैद्य. विद्वानांनी लॅटिनमध्ये लिहायचं अशा काळात त्याने सामान्य माणसासाठी इंग्रजीत गणिताची पुस्तकं लिहिली, तीही बहुतेक गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपात. १५५७ मध्ये निघालेल्या त्याच्या ‘व्हेटस्टोन ऑफ विट’ या पुस्तकात हे चिन्ह पहिल्यांदा छापलं गेलं. ‘हे त्याच्याशी समान आहे’ हे शब्द पुन्हा पुन्हा लिहिण्याचा त्याला कंटाळा आला होता, म्हणून त्याने सारख्या लांबीच्या दोन समांतर रेघा घेतल्या. कारण त्याच्या मते याहून समान अशा दोन गोष्टी असूच शकत नाहीत. त्याच्या रेघा आजच्यापेक्षा बऱ्याच लांब होत्या. पुढच्याच वर्षी, १५५८ मध्ये, तो लंडनच्या तुरुंगात वारला, आणि त्याचं चिन्हही विस्मरणात गेलं. छापील पुस्तकात ते पुन्हा दिसलं ते थेट १६१८ मध्ये.

रेकॉर्डचं पहिलं समीकरण आजच्या भाषेत १४क्ष + १५ = ७१ असं आहे. दुसऱ्यातही उजवीकडे एकच संख्या. पण तिसऱ्याच समीकरणात अज्ञात दोन्ही बाजूंना येतं आणि वर्गपदंही येतात. म्हणजे चिन्ह जन्माला आलं त्याच पानावर त्याची दोन्ही बाजूंना सारखी नजर होती. शाळेतल्या मुलाला मात्र असं तिसरं समीकरण दिसायला पाच-सहा वर्षं वाट पाहावी लागते.

वाट पाहायला लावणं अपरिहार्य आहे का? चीन आणि अमेरिकेतल्या सहावीच्या मुलांची तुलना करणारा एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. याच प्रकारच्या उदाहरणांत चिनी मुलांपैकी सुमारे ९८ टक्के बरोबर ठरली, अमेरिकी मुलांपैकी सुमारे २८ टक्के. चिनी मुलं जात्याच हुशार, असं म्हणून विषय संपवणाऱ्यांची आपल्याकडेही कमतरता नाही. संशोधकांनी त्याऐवजी दोन्ही देशांची पाठ्यपुस्तकं आणि शिक्षक-हस्तपुस्तिका उघडून पाहिल्या. चिनी पुस्तकात ‘=’ हे चिन्ह बेरजेच्या आधी, ‘पेक्षा मोठा’ आणि ‘पेक्षा लहान’ या चिन्हांच्या जोडीने येतं. ससे किती, गाजरं किती, जास्त कोण, कमी कोण, सारखे कधी, अशा तुलनेतून मुलाची त्याच्याशी ओळख होते. बेरीज नंतर येते, तोवर चिन्हाला आपला अर्थ मिळालेला असतो. अमेरिकी पुस्तकात ते बेरजेचं बोट धरून येतं आणि बेरजेचंच होऊन राहतं.

पहिलीच्या पुस्तकात दोन पानं मागेपुढे झाली, एवढाच हा फरक वाटू शकतो. पण त्या दोन पानांची किंमत पुढच्या इयत्तांत कळते. अमेरिकेतल्या एरिक नूथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवलं, की सहावी ते आठवीच्या मुलांपैकी ज्यांना ‘=’ म्हणजे ‘दोन्ही बाजूंची किंमत एकच’ असं वाटतं, ती समीकरणं सोडवण्यात पुढे असतात; आणि गणितातली एकंदर हुशारी हिशेबात धरून बाजूला काढली, तरी हा फरक उरतोच. बीजगणित रीतसर शिकवायला सुरुवातही झालेली नव्हती अशा सहावी-सातवीच्या मुलांतही तो दिसला.

आपल्याकडचा एक नियम इथे आठवतो. ‘बाजू बदलली की चिन्ह बदलतं.’ मराठी शाळेतून गेलेल्या पिढ्यान् पिढ्यांच्या तोंडी तो बसलेला आहे, पाढ्यांसारखा. अधिकाचं वजा, वजाचं अधिक. क्ष + ७ = १५ असेल तर सात पलीकडे नेला, वजा झाला, क्ष = ८. चालतं. मग समोर ३क्ष = १२ येतं. तीन पलीकडे गेला, चिन्ह बदललं, क्ष = १२ − ३, म्हणजे ९. शिक्षक कपाळावर हात मारतात. मुलाचं काय चुकलं? त्याने नियम तंतोतंत पाळला. सात पलीकडे ‘जात’ नाही, दोन्ही बाजूंतून सात काढले जातात, हे त्याला कधी दिसलंच नाही. घोड्यांच्या उदाहरणात भास्कराचार्य जे करतात ते उघड आहे: इकडूनही सहा घोडे काढले, तिकडूनही. बाजू बदलण्याचा नियम म्हणजे या कृतीची आखूड केलेली नोंद. अशी नोंद कृतीच्या आधी हाती दिली, तर मुलाला समीकरण म्हणजे पाट्या हलवण्याचा खेळ वाटला तर नवल नाही. ‘पलीकडे नेणं’ हा शब्दप्रयोग वर्गातून निदान पहिलं वर्षभर हद्दपार करावा, असं प्रस्तुत लेखकाचं स्पष्ट मत आहे. अनेक अनुभवी शिक्षकांना ते पटणार नाही. वेळ वाचवणाऱ्या युक्तीवर त्यांचा जीव असतो, आणि परीक्षेच्या दिवसांत तो का असतो हेही समजण्यासारखं आहे.

मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. तिथे के. सुब्रमण्यम आणि राखी बॅनर्जी यांनी २००३ ते २००५ या काळात मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या सहावीच्या मुलांबरोबर एक शिकवण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने घडवली. तिचं मूळ एका नेहमीच्या चुकीत आहे. २५ − १० + ५ किती, असं विचारलं तर अनेक मुलं १० सांगतात. दहा आणि पाच पंधरा, पंचवीसातून पंधरा गेले, दहा. यावर शाळेतलं ठरलेलं औषध म्हणजे क्रियांच्या क्रमाचा नियम: आधी कंस, मग गुणाकार-भागाकार, मग डावीकडून उजवीकडे. मुंबईच्या या प्रयोगात भर दिला गेला तो पदांवर. प्रत्येक संख्या तिच्या आधीच्या चिन्हासकट एका चौकटीत बसवायची: +२५, −१०, +५. आता या तीन चौकटी हव्या तशा मागेपुढे करा. +५, +२५, −१० केलं तरी किंमत २०, आणि −१० आधी घेतलं तरी २०. चिन्ह संख्येला चिकटलेलं आहे, ते मागे सोडून जाता येत नाही. एवढं कळलं की दहा-पाचाची चुकीची जोडी आपोआप सुटते.

याच पद्धतीत मुलांना दोन राशी देऊन, आकडेमोड न करता त्या समान आहेत का ते सांगायला लावायचं. समजा, २७ + ३२ आणि २९ + ३०. बेरीज करून ५९ आणि ५९ म्हणणं सोपं आहे, पण इथे तो रस्ता बंद. मग मूल निरखून पाहतं: सत्तावीसचे एकोणतीस झाले म्हणजे दोन वाढले, बत्तिसाचे तीस झाले म्हणजे दोन घटले, तर फरक पडणार नाही. या वाक्यात क्ष नाही, य नाही, एकही अक्षर नाही. तरीही हे बीजगणितच आहे, कारण इथे मूल संख्यांमधला संबंध वापरतंय. २७ आणि ३२ च्या जागी कुठल्याही दोन संख्या घातल्या तरी ते वाक्य तसंच टिकतं.

लहानपणी बीजगणित म्हटलं की पालक दचकतात ते इथेच. दुसरीतल्या पोराच्या पाठीवर आता समीकरणांचंही ओझं? तसं काही नाही. यात नवा पाठ नाही, नवं पुस्तक नाही, शिकवणीचा नवा तास तर नाहीच. गणितं तीच असतात, फक्त प्रश्न फिरवून विचारलेले असतात. कार्पेंटर आणि लेव्ही यांनी मेगन फ्रँके यांच्यासह २००३ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात याचा एक सुरेख मार्ग आहे: मुलांपुढे एकेक वाक्य ठेवायचं आणि खरं की खोटं एवढंच विचारायचं. ३ + ५ = ८. सगळे म्हणतात खरं. मग ८ = ३ + ५. इथे कुजबुज सुरू होते. उलटं लिहिलंय, असं अनेकांचं मत पडतं. मग ८ = ८. यात गणितच कुठे आहे, असं कुणीतरी नक्की म्हणतं. मग ३ + ५ = ३ + ५, मग ३ + ५ = ५ + ३, आणि शेवटी ३ + ५ = ४ + ४.

या क्रमातली खुबी अशी, की एका वाक्यावर ‘खरं’ म्हटलेलं मूल पुढच्या वाक्यावर ‘खोटं’ म्हणतं, आणि शेजारचा त्याला पकडतो. शिक्षकाने या वादात लगेच पंच होऊ नये. मराठी वर्गात हे जरा जड जातं, कारण बाईंनी प्रश्न विचारला की बाईंच्या चेहऱ्यावरून उत्तर वाचायची सवय मुलांना लागलेली असते. चेहरा कोरा ठेवणं हे या तासाचं खरं साहित्य. पण वाद कितीही रंगला, तरी चिन्हाचा अर्थ हा एक संकेत आहे आणि तो वादातून आपोआप निष्पन्न होत नाही, हेही विसरून चालणार नाही. रेकॉर्डने ठरवलं म्हणून त्या दोन रेघांचा तो अर्थ आहे. तेव्हा एका टप्प्यावर शिक्षकाने सरळ सांगावं: या चिन्हाच्या दोन्हीकडे एकच किंमत असते, उत्तर कुठेही असू शकतं. मुलांनीच सगळं शोधून काढावं, असा हट्ट या जागी निरर्थक आहे.

तराजूचं काय? समीकरण म्हटलं की पाठ्यपुस्तकात दोन पारड्यांचं चित्र येतंच. कल्पना जुनी आणि चांगली आहे, पण तिचे दोन त्रास आहेत. पहिला काळाचा. आज भाजीवाल्यापासून किराणा दुकानापर्यंत इलेक्ट्रॉनिक वजनकाटे आले. त्यावर वस्तू ठेवली की आकडा उमटतो. दुसरं पारडंच नाही. ज्या मुलाने दोन पारड्यांचा तराजू हलताना पाहिलेला नाही, त्याला त्याचं चित्र काय सांगणार? वर्गात हँगर, दोरी आणि दोन सारख्या वाट्या घेऊन खरा तराजू टांगावा, चिंचोके किंवा गोट्या घालाव्यात, पारडं झुकताना मुलांनी बघावं. दुसरा त्रास गणिताचा. पारड्यात कर्ज ठेवता येत नाही. भास्कराचार्यांचा दुसरा माणूस, दहा घोडे आणि वर शंभराचं देणं, तराजूत कसा तोलणार? तेव्हा तराजू सुरुवातीला जरूर घ्यावा आणि वजाबाकी, ऋणसंख्या आल्या की सोडून द्यावा.

वजनमापांचा रस्ता टोकापर्यंत नेला तो सोव्हिएत रशियात. मानसशास्त्रज्ञ वसिली दविदॉव यांनी दानिल एल्कोनिन यांच्यासह १९६० च्या दशकात आखलेल्या अभ्यासक्रमात पहिलीतलं मूल संख्येच्या आधीच तुलना करायला लागतं. दोन पट्ट्या, दोन भांड्यांतलं पाणी. कुठलं जास्त? एकाला ‘अ’ म्हणू, दुसऱ्याला ‘ब’. अ हे ब पेक्षा मोठं आहे. ते सारखं करायचं तर काय करू? ब मध्ये भर घालता येईल, किंवा अ मधून काढता येईल, आणि जेवढी भर घालायची नेमकं तेवढंच काढायचं. मोजणी नाही, आकडा नाही, तरी समानता आहे, असमानता आहे, आणि अक्षरंही आहेत. पुढे हवाई बेटांवर या अभ्यासक्रमाच्या धर्तीवर प्रकल्प झाला. दहापर्यंत मोजता येतं म्हणून कौतुक होऊन शाळेत आलेल्या आपल्या पहिलीच्या मुलाला हा मार्ग जसाच्या तसा झेपेल असं वाटत नाही, आणि त्याच्या पालकांना तर नाहीच. पण ‘सारखं कसं करशील?’ हा प्रश्न उचलण्यासारखा आहे, आणि त्याला पाण्याची दोन भांडी पुरतात.

आता अक्षरांकडे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना एक वाक्य दिलं गेलं: या विद्यापीठात विद्यार्थी प्राध्यापकांच्या सहापट आहेत. याचं समीकरण लिहा. मराठीत अक्षरं घेऊ ‘वि’ आणि ‘प्रा’. १५० पैकी ३७ टक्के विद्यार्थी चुकले, आणि चुकलेल्यांपैकी बहुतेकांनी ६वि = प्रा अशा धर्तीचं काहीतरी लिहिलं. त्यांच्या मनात चित्र होतं: सहा विद्यार्थी, त्यांच्यापुढे एक प्राध्यापक. ‘वि’ त्यांना विद्यार्थ्यांची संख्या वाटला नाही, विद्यार्थी या शब्दाचं आखूड रूप वाटला. आणि मधलं चिन्ह ‘यांच्यामागे’ अशा अर्थाने आलं. ५ आंबे आणि ३ केळी म्हणजे ५आ + ३के, असं शिकवण्याचा मोह याच कारणासाठी टाळावा. त्यात ‘आ’ म्हणजे आंबा. समीकरणात ‘आ’ म्हणजे आंब्यांची संख्या, नाहीतर आंब्याची किंमत; फळ कधीच नाही. भास्कराचार्यांनी अनेक अज्ञातांना काळा, निळा, पिवळा अशी रंगांची नावं दिली, ही पद्धत या बाबतीत सुरक्षित म्हणायची, कारण रंग कुठल्या वस्तूचं आद्याक्षर होऊन बसत नाही.

लहान मुलांना अक्षर द्यायचं ते कसं, याचा एक नमुना बॉस्टन परिसरातल्या शाळांतून मिळतो. अॅनालुसिया श्लीमन आणि डेव्हिड कॅराहर यांनी तिसरीच्या वर्गात दोन बंद डबे ठेवले. दोन्हींत गोळ्या सारख्याच, पण किती ते सांगायचं नाही. एक डबा जॉनचा, एक मेरीचा; मेरीला वर तीन गोळ्या जास्त. दोघांकडे किती गोळ्या आहेत ते लिहा. मुलं डबे हलवून बघतात, कानाशी नेतात, अंदाजाने सहा आणि नऊ लिहितात, कुणी दहा आणि तेरा. फळ्यावर सगळे अंदाज जमले, की एक गोष्ट सगळ्यांत सारखी दिसते, ती म्हणजे तीनचा फरक. मग डब्यातल्या गोळ्यांना एक अक्षर द्यायचं सुचवलं, की मेरीच्या गोळ्या ‘ते अक्षर अधिक तीन’ असं लिहिण्यात मुलांना विशेष जड जात नाही. हेच दोघे संशोधक १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी ब्राझीलच्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ विकणाऱ्या मुलांचे हिशेब टिपत होते. तिथला बारा वर्षांचा एक मुलगा ३५ चा एक अशा दहा नारळांची किंमत, तीन नारळांचे १०५, आणखी तीन म्हणजे २१०, अशा टप्प्यांनी तोंडी सांगत होता. रस्त्यावरची अशीच मुलं कागदावरची गणितं मात्र वारंवार चुकत. धारावीतल्या कामकरी मुलांच्या व्यवहारातल्या गणिताचा अभ्यास मानखुर्दच्या केंद्रातही झाला आहे. या मुलांच्या तोंडी हिशेबात आधीपासून असलेली संबंधांची जाण वर्गात कशी आणायची, यावर पुढच्या पानांपैकी बरीच खर्च झाली आहेत.

ही पानं प्राथमिकच्या शिक्षकांसाठी आहेत, त्यामुळे पाठ्यपुस्तकाबद्दल दोन शब्द हवेतच. बालभारतीच्या इयत्ता पाचवीच्या गणिताच्या पुस्तकात ‘बीजगणिताची पूर्वतयारी’ असं प्रकरण आहे, ही स्वागताची गोष्ट. ते पुस्तकाच्या शेवटी आहे. शेवटचं प्रकरण म्हणजे वार्षिक परीक्षेच्या तोंडावरचं. शेवटच्या प्रकरणांचं काय होतं हे शिक्षकांना वेगळं सांगायला नको. खरं तर समानतेला स्वतंत्र प्रकरणाची फारशी गरजही नाही. ती पहिलीपासून रोजच्या गणितांत पेरता येते. दहा उदाहरणांपैकी तीन उलटी लिहावीत, □ = ६ + ७ अशी. दोन उदाहरणांत दोन्हीकडे बेरीज ठेवावी. ताळा घ्यायला सांगताना ‘डावी बाजू किती, उजवी किती’ असं विचारावं. मॅकनील आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांत अशा उलट मांडणीचा सराव करणाऱ्या मुलांची समानतेची समज नेहमीच्या सरावातल्या मुलांपेक्षा सुधारली होती, आणि त्यासाठी फक्त कागदावरची मांडणी बदलावी लागली. शिक्षकांनी फळ्यावर स्वतःही जपून लिहावं. घाईत २५ × ३ = ७५ + १० अशी लांबण लावण्यात मोठी माणसं मुलांच्या मागे नसतात.

थोड्या सरावानंतर मुलांची मजल कुठवर जाते ते पाहायचं असेल, तर ७८ − ४९ + ४९ हे फळ्यावर लिहावं आणि उभी मांडणी करायला बंदी घालावी. काही मुलं आधी ७८ तून ४९ काढण्याच्या खटपटीत हातच्याशी झगडतात. एखादी मुलगी मात्र लगेच हात वर करते: जेवढे काढले तेवढेच परत दिले, मग ७८ च राहणार. तिला विचारावं, ४९ ऐवजी दुसरी संख्या घेतली तर? ती म्हणेल, कुठलीही घ्या. मग वर्गाला सांगावं, हिचं म्हणणं एका वाक्यात लिहा, पण असं लिहा की कुठलीही संख्या त्यात बसली पाहिजे. कुणी चौकट काढतं, कुणी फूल काढतं, कुणी ‘ती संख्या’ असं अक्षरात लिहितं. दोन ठिकाणी एकच फूल काढायचं की वेगवेगळी, यावरून वर्गात जी भांडणं होतात, ती तासाची घंटा झाली तरी चालू द्यावीत.